लसणाची घरगुती साठवण : गोठवण, वाळवण आणि सावधगिरी

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात लसणाला नित्याचे स्थान आहे. खानदेशातील मिरचीचा ठेचा असो, सोलापूरकडील शेंगदाण्याची चटणी असो की आगरी-कोळी घरांतील माशांचे कालवण असो, लसणावाचून या पदार्थांना चव येत नाही. हा पदार्थ वर्षभर लागतो. शेतातून मात्र तो वर्षातील दीड-दोन महिन्यांतच निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेला रब्बीचा लसूण मार्च-एप्रिलमध्ये काढणीस येतो. त्या वेळी बाजारात आवक भरपूर असते आणि दर उतरलेले असतात. पावसाळा संपत आला की घरातील साठा कोंब धरू लागतो आणि बाजारातील दर चढू लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये, नवा लसूण बाजारात येण्यापूर्वी, देशातील अनेक शहरांत लसणाचा किरकोळ दर किलोला ४०० रुपयांच्याही वर गेला होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

देशात लसणाचे सर्वाधिक उत्पादन मध्य प्रदेशात होते व त्याखालोखाल राजस्थानचा क्रम लागतो. मंदसौर व नीमच येथील बाजारपेठा या व्यापारात अग्रेसर आहेत. महाराष्ट्रात नाशिक, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत लसूण होतो. परंतु राज्याची गरज भागविण्यासाठी बाहेरचा माल आणावाच लागतो. बाजारातील दर कुटुंबाच्या हाती नसतात. हंगामात घेतलेला किंवा पिकविलेला लसूण वाया जाऊ न देणे मात्र त्याच्या हाती निश्चितच असते. यासाठी लसणाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. कारण साठवणुकीची एक पद्धत सर्व महिन्यांना आणि सर्व घरांना लागू पडत नाही. त्याचबरोबर, अलीकडे रूढ होऊ पाहणारी एक पद्धत प्रसंगी प्राणघातक ठरू शकते, याची जाणीवही प्रत्येक घरात असणे आवश्यक आहे.

लसूण का बिघडतो?

लसणाचा गड्डा हा निर्जीव माल नव्हे. जमिनीतून काढल्यानंतरही त्याचे श्वसन चालू असते. काढणीनंतर काही महिने तो सुप्तावस्थेत असतो. ही अवस्था संपली की पाकळीच्या मध्यभागी हिरवा कोंब वाढू लागतो आणि पाकळीतील साठविलेले अन्न त्या कोंबाकडे जाते. परिणामी पाकळी पोकळ, रबरासारखी व किंचित कडवट होते. असा लसूण खाण्यास अपायकारक नसतो. पण त्याचा कस गेलेला असतो.

दुसरे कारण आर्द्रतेचे. ताज्या लसणात वजनाच्या सुमारे साठ ते पासष्ट टक्के पाणी असते. हवा अतिशय कोरडी असेल तर हे पाणी उडून पाकळ्या सुकतात. हवा दमट असेल तर सालीवर बुरशी वाढते. काळी बुरशी व निळसर-हिरवी बुरशी या दोन्ही साठवणुकीतील लसणावर आढळतात. मार लागलेल्या, कापलेल्या किंवा ओल्या राहिलेल्या गड्ड्यापासून त्यांची सुरुवात होते आणि शेजारच्या गड्ड्यांकडे त्या पसरतात. कोकणात जून ते सप्टेंबर या काळात लसूण टिकविणे कठीण जाते, ते याच कारणाने.

थोडक्यात, कोंब, सुकवा आणि बुरशी हे साठविलेल्या लसणाचे तीन शत्रू होत. साठवणुकीच्या प्रत्येक पद्धतीची पारख या तीन कसोट्यांवर केली पाहिजे.

काढणीनंतरची पहिली पायरी

चांगल्या साठवणुकीची सुरुवात शेतातच होते. पात पिवळी पडून माना मोडू लागल्या म्हणजे पीक तयार झाले असे समजावे. काढणीपूर्वी दहा-पंधरा दिवस पाणी तोडावे. काढलेला लसूण पातीसह दोन-तीन दिवस शेतातच ओळीने पसरावा. मात्र एका ओळीतील गड्डे दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकले जातील अशी मांडणी करावी, म्हणजे गड्ड्यांना उन्हाचा चटका बसत नाही. त्यानंतर आठ-दहा दिवस सावलीत, वाहत्या हवेत सुकवावा. मान दोन बोटांत दाबली असता ओलसर लागू नये व वरची साल कागदासारखी वाजावी. हीच लसूण सुकल्याची खूण होय.

ग्रामीण भागात पातीसह जुड्या किंवा वेण्या बांधून लसूण आढ्याला टांगण्याची प्रथा जुनी आहे. ती शास्त्राच्याही कसोटीस उतरते. टांगलेल्या गड्ड्यांभोवती चारी बाजूंनी हवा खेळते, एकाचा भार दुसऱ्यावर पडत नाही आणि सडका गड्डा चटकन दृष्टीस पडतो. शहरातील घरी पात नसलेला लसूण आणला जातो. तो जाळीच्या पिशवीत, बांबूच्या टोपलीत किंवा भोके असलेल्या पेटीत पातळ थराने ठेवावा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणि बटाट्यांच्या ढिगाशेजारी तो ठेवू नये.

साठवणुकीसाठी वाणाची निवडही महत्त्वाची ठरते. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथे कार्यरत असलेल्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने भीमा ओंकार व भीमा पर्पल हे वाण प्रसारित केले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गोदावरी व श्वेता हे वाणही परिचित आहेत. आपल्या भागात कोणता वाण अधिक टिकतो, याबाबत कृषी सहायकाचा सल्ला घेणे हिताचे ठरते.

फ्रीजमधील अखंड गड्डा

लसूण फ्रीजमध्ये ठेवला की तो टिकतो, असा सार्वत्रिक समज आहे. अखंड गड्ड्यांच्या बाबतीत हा समज बरोबर नाही. लसणाला कोंब फुटण्यास सुमारे ५ ते १८ अंश सेल्सिअस एवढे तापमान विशेष अनुकूल असते. घरगुती फ्रीजच्या खालच्या भागातील तापमान बहुधा या मर्यादेच्या आसपास असते. थंडीचा अनुभव मिळताच गड्डा हिवाळा संपल्याचे जणू समजतो आणि बाहेर काढल्यावर भराभर कोंब धरतो. शिवाय फ्रीजमधील दमटपणामुळे सालीवर बुरशी येते ती वेगळीच.

व्यापारी शीतगृहात लसूण शून्य अंश किंवा त्याहून किंचित खाली आणि ६० ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवतात. अशा स्थितीत तो सहा ते नऊ महिने टिकतो. घरी एवढे नियंत्रण साधणे शक्य नसते. म्हणून घरगुती साठवणुकीत दोनच टोके उपयोगी पडतात. अखंड गड्डा एक तर कोरड्या, हवेशीर जागी सामान्य तापमानात ठेवावा, नाही तर पाकळ्या पूर्णपणे गोठवून टाकाव्यात. मधली अवस्था लसणाला मानवत नाही.

गोठविण्यामागील शास्त्र

लसणाचा उग्र वास अखंड पाकळीत नसतो. पाकळीच्या पेशींत अ‍ॅलिन नावाचा गंधहीन पदार्थ असतो व त्यापासून अलग असे अ‍ॅलिनेज नावाचे विकर असते. पाकळी चिरली किंवा ठेचली की पेशी फुटून हे दोन्ही एकत्र येतात आणि अ‍ॅलिसिन तयार होते. लसणाचा झणझणीतपणा तो हाच. १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो व बेली या अमेरिकेतील संशोधकांनी अ‍ॅलिसिन प्रथम वेगळे केले.

गोठविताना पेशींतील पाण्याचे बर्फ होते. बर्फाच्या स्फटिकांमुळे पेशींच्या भिंती फाटतात. म्हणूनच गोठविलेली पाकळी वितळल्यानंतर मऊ पडते व पूर्वीसारखी कुरकुरीत राहत नाही. चव व वास मात्र पुष्कळ अंशी टिकून राहतात. गोठण जितकी जलद होईल तितके स्फटिक लहान राहतात आणि पाकळीचा पोत कमी बिघडतो. यासाठी पाकळ्यांचा ढीग न करता त्या पातळ थराने गोठविणे इष्ट असते.

मटार, गवार यांसारख्या भाज्या गोठविण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढण्याची पद्धत आहे. लसणास ती लागू करू नये. उष्णतेने विकर निष्क्रिय होते आणि ज्या गंधासाठी लसूण वापरावयाचा तोच नाहीसा होतो.

उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात जंतूंची वाढ थांबते. जंतू सर्वस्वी मरत मात्र नाहीत. बर्फ वितळताच त्यांतील काही पुन्हा वाढू लागतात. गोठविण्याने निकृष्ट माल चांगला होत नाही. म्हणून बुरशी आलेल्या, डागाळलेल्या किंवा मऊ पडलेल्या पाकळ्या आधीच वेगळ्या काढाव्यात.

गोठविण्याच्या चार पद्धती

पहिली पद्धत सालीसह पाकळ्या गोठविण्याची. यात श्रम सर्वांत कमी पडतात. गड्डा फोडून निरोगी पाकळ्या न सोलता जाड पिशवीत भराव्यात, हवा काढून तोंड बंद करावे व पिशवी बर्फाच्या कप्प्यात ठेवावी. लागतील तेवढ्या पाकळ्या काढाव्यात. थोड्याच वेळात साल सैल होते आणि पाकळी सहज निसटून येते.

दुसरी पद्धत सोललेल्या पाकळ्यांची. पाकळ्या धुतल्यास स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरड्या कराव्यात. एका ताटात त्या एकमेकींना चिकटणार नाहीत अशा पसरून दोन-तीन तास गोठवाव्यात आणि कडक झाल्यावर पिशवीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात. अशा पाकळ्या सुट्या राहतात व हव्या तेवढ्या काढता येतात.

तिसरी पद्धत चिरलेल्या किंवा वाटलेल्या लसणाची. नित्याच्या स्वयंपाकास ती सर्वांत सोयीची होय. बारीक वाटण पिशवीत भरून हाताने चपटे करावे. सुरीच्या बोथट बाजूने त्यावर चौकोनी रेघा ओढाव्यात आणि मग पिशवी आडवी ठेवून गोठवावी. पुढे वडी मोडावी तसा हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. बर्फाच्या साच्यात चमच्या-चमच्याने वाटण भरून त्याचे खडे करणे हाही सुटसुटीत उपाय आहे. एका खड्यात किती पाकळ्यांचे वाटण आहे, हे ठरवून ठेवल्यास भाजीचा अंदाज चुकत नाही. आले व लसूण यांचे एकत्र वाटणही याच रीतीने ठेवता येते.

चौथी पद्धत तेलासह वाटण्याची. एक भाग लसूण व दोन भाग तेल या प्रमाणात वाटण करतात. तेलामुळे ते गोठल्यावरही दगडासारखे कठीण होत नाही व चमच्याने खरवडून घेता येते. मात्र हे वाटण तयार होताच, क्षणाचाही विलंब न करता, गोठविले पाहिजे. ते बाहेर ठेवू नये आणि एकदा वितळले की पुन्हा साठवू नये. याचे कारण पुढे स्पष्ट केले आहे. ज्या गावी वीज वारंवार खंडित होते, तेथे या पद्धतीचा अवलंब न करणेच श्रेयस्कर.

चारही पद्धतींत काही नियम समान आहेत. लसणाचा वास दूध, बर्फ व अन्य पदार्थांना लागतो. म्हणून पिशवी डब्यात ठेवून दुहेरी आवरण करावे. पिशवीत हवा राहिली तर पृष्ठभाग सुकून चव जाते. प्रत्येक पिशवीवर तारीख लिहावी व जुनी पिशवी आधी संपवावी. उणे १८ अंश तापमान राखणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये पाकळ्या आठ-दहा महिने चांगल्या राहतात. एकाच दाराच्या साध्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा एवढा थंड राहतोच असे नाही. तेथील साठा दोन-तीन महिन्यांत संपविणे योग्य.

वापरताना लसूण वितळवत बसण्याची गरज नसते. पाकळी गोठलेली असतानाच ती चिरणे अधिक सोपे जाते. गोठलेला तुकडा कडकडीत तेलात एकदम टाकल्यास बर्फाच्या पाण्यामुळे तेल अंगावर उडते. म्हणून आच मंद करून तो कडेने सोडावा. कच्च्या चटणीसाठी लसूण ठेचून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवल्यास वास अधिक खुलतो.

वाटलेला लसूण काही वेळा हिरवा किंवा निळसर होतो. थंडीत राहिलेल्या लसणास आम्ल पदार्थाचा संपर्क झाला की हा बदल विशेष दिसून येतो. लसणातील गंधकयुक्त घटकांच्या रासायनिक क्रियेमुळे तो घडतो व त्यापासून अपाय होत नाही. बुरशीचा हिरवेपणा मात्र निराळा. तो मखमलीसारखा पृष्ठभागावर दिसतो व त्यास कुबट वास येतो. असा लसूण टाकून द्यावा.

गोठविलेली पाकळी लावणीस निरुपयोगी ठरते, हेही शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. बेण्याचा लसूण वेगळा काढून कोरड्या, हवेशीर जागीच राखावा.

तेलातील लसूण : एक गंभीर धोका

संस्कृतात लसणास ‘रसोन’ असे नाव आहे. सहा रसांपैकी पाच रस लसणात आहेत, एक उणा आहे, म्हणून तो रसोन, अशी त्याची व्युत्पत्ती आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितली जाते. हा उणा रस म्हणजे आम्ल. आधुनिक रसायनशास्त्राच्या भाषेत हेच सांगावयाचे तर लसणाचा सामू सहाच्या आसपास असतो. लसूण हा अल्प आम्लतेचा पदार्थ आहे. साठवणुकीतील सर्वांत मोठा धोका नेमका या एका उणिवेतून उद्भवतो.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू जमिनीत वाढणाऱ्या कंद-मुळांवर येऊ शकतात. उघड्या हवेत ते निरुपद्रवी पडून राहतात. परंतु प्राणवायूचा अभाव, ओलावा, कमी आम्लता आणि उबदारपणा या चार गोष्टी एकत्र आल्या की ते रुजतात व अत्यंत तीव्र विष निर्माण करतात. कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली की या चारही गोष्टी एकाच ठिकाणी जुळून येतात. तेल हवा अडवते, लसणात ओलावा असतो, आम्लता नसते आणि आपल्या हवेत ऊब तर बारमाही असते.

१९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे एका उपाहारगृहातील अन्नामुळे ३६ व्यक्तींना बॉट्युलिझम हा विषबाधेचा विकार झाला. शोध घेता तेलातील चिरलेल्या लसणाच्या बाटल्या थंड जागी न ठेवल्याचे आढळून आले. १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात किंग्स्टन येथे अशाच पदार्थामुळे तीन व्यक्ती आजारी पडल्या. त्यानंतर अशा विक्रीच्या मालात आम्ल किंवा जंतूंची वाढ रोखणारा अन्य घटक घालणे अमेरिकेत आवश्यक करण्यात आले. केवळ ‘थंड जागी ठेवा’ ही सूचना पुरेशी नाही, हा धडा त्यातून मिळाला.

या विषाचे वैशिष्ट्य असे की, पदार्थाचा रंग, वास व चव यांत काहीही फरक न पडता ते निर्माण होऊ शकते. लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात. कधी ती काही दिवसांनंतरही प्रकट होतात. दृष्टी अंधूक होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापण्या जड होऊन मिटू लागणे, जीभ जड होणे, घास गिळता न येणे आणि पुढे हातापायांतील व श्वसनाच्या स्नायूंतील शक्ती जाणे, असा त्यांचा क्रम असतो. ताप सहसा नसतो. अशी लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे व त्याने काय खाल्ले होते हे डॉक्टरांना सांगावे. घरगुती उपचारात वेळ दवडणे जिवावर बेतू शकते.

परंपरागत मराठी पाककृतींत या दृष्टीने सहसा दोष आढळत नाही. लसणाची सुकी चटणी कोरडी असते. लोणच्यात भरपूर मीठ व लिंबाचा रस असतो. म्हणजे पहिल्या पदार्थात ओलावा नाही आणि दुसऱ्यात लसणाचा उणा रस बाहेरून घालून पुरा केलेला असतो. धोका नव्या सवयीत आहे. कामाची सोय म्हणून आले-लसणाचे वाटण एकदम करावयाचे, वर तेलाचा थर द्यावयाचा आणि बरणी दिवसचे दिवस बाहेर ठेवावयाची, ही ती सवय. बाजारातील तयार पेस्ट टिकते ती तीत मीठ व आम्ल मोजून घातलेले असते म्हणून. घरच्या वाटणास तो न्याय लावता येत नाही.

यावरून पुढील नियम निघतात. लसूण घातलेले कच्चे तेल घरात साठवू नये. तेलातील लसूण त्याच दिवशी वापरावा. क्वचित ठेवणे भागच पडल्यास फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांच्या आत संपवावा. त्याहून अधिक काळ ठेवावयाचा तर तो गोठवावाच. बिनतेलाचे वाटणही फ्रीजच्या खालच्या भागात तीन-चार दिवसांपलीकडे ठेवू नये. संशयास्पद बरणीतील पदार्थ चाखून पाहू नये. तो तसाच, कोणाच्या हाती किंवा जनावरांच्या तोंडी लागणार नाही अशा रीतीने टाकून द्यावा. वीज दीर्घकाळ खंडित होऊन वितळलेले तेलयुक्त वाटणही याच नियमाने टाकून द्यावे. बिनतेलाच्या पाकळ्यांत बर्फाचे कण अद्याप शिल्लक असतील तर त्या पुन्हा गोठविता येतात. पूर्ण वितळल्या असतील तर लगेच शिजवून संपवाव्यात.

फ्रीज नसलेल्या घरांसाठी

वाळवण हा गोठवणीइतकाच खात्रीचा मार्ग आहे आणि आपल्या राज्यातील एप्रिल-मे महिन्यांचे ऊन हे त्याचे विनामूल्य साधन होय. सोललेल्या पाकळ्यांचे पातळ काप करून स्वच्छ कापडावर एका थरात पसरावेत, धूळ व माश्यांपासून बचावासाठी वर मलमल बांधावी आणि सायंकाळी ते आत घ्यावेत. काप वाकविला असता न वाकता कट्‌कन मोडला पाहिजे. सौर वाळवणी यंत्र उपलब्ध असल्यास काम अधिक स्वच्छ व जलद होते. यंत्रातील उष्णता ६० अंशांहून फार वाढू देऊ नये; अन्यथा काप तपकिरी पडून कडवट होतात. लसणातील पाण्याचे प्रमाण पाहता एक किलो सोललेल्या लसणापासून साधारणतः साडेतीनशे ते चारशे ग्रॅम काप मिळतात. भुकटी हवेतील ओलावा शोषून लगेच गोळा होते. म्हणून काप तसेच लहान, घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरून ठेवावेत आणि लागेल तशी भुकटी करावी.

व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडविलेल्या पाकळ्या फ्रीजमध्ये तीन-चार महिने टिकतात. पावसाळ्यापूर्वी लिंबाचा रस व मीठ घालून केलेले लोणचे, तसेच कोरडी चटणी, या गोष्टी गृहिणींस परिचितच आहेत.

कुटुंबाचे वार्षिक नियोजन

एखाद्या कुटुंबास आठवड्यास १०० ग्रॅम लसूण लागतो असे धरल्यास वर्षाची गरज सुमारे ५ किलो २०० ग्रॅम होते. हंगामात, एप्रिलमध्ये, सुकलेला लसूण सुमारे सहा किलो घ्यावा. त्यातील एक किलो कडक उन्हाच्या दिवसांतच वाळवून किंवा चटणी-लोणच्यात घालून संपवावा. उरलेला टांगून किंवा टोपलीत ठेवावा व दर पंधरवड्यास निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये, कोंब फुटण्यापूर्वी, शिल्लक साठ्यापैकी निरोगी गड्डे निवडून त्यांच्या पाकळ्या गोठवाव्यात. ही वेळ महत्त्वाची आहे. कोंब आल्यानंतर गोठविलेला लसूण कस गेलेलाच राहतो. उलट एप्रिलमध्येच सर्व लसूण गोठविल्यास वीज व जागा यांचा व्यर्थ व्यय होतो, कारण त्या काळात कोरडी हवा तेच काम फुकट करीत असते. कोकणातील दमट हवेत मात्र जूनच्या पहिल्या पावसापूर्वीच हे काम उरकणे योग्य. साधा बर्फाचा कप्पा असलेल्या घरांनी गोठवणीचा भाग कमी व वाळवणीचा भाग अधिक ठेवावा.

शाळा, पंचायत आणि बचत गट

या विषयात शिक्षकांना विज्ञानाचा एक जिवंत पाठ सापडेल. एक किलो लसूण एप्रिलमध्ये वर्गात टांगून, जूनमध्ये शाळा पुन्हा भरल्यानंतर दर आठवड्यास त्याचे वजन घेतल्यास घट किती व केव्हा होते याचा आलेख विद्यार्थ्यांना काढता येतो. सामूदर्शक कागदाने लिंबू, व्हिनेगर व लसणाचा रस तपासून आम्लतेतील फरक दाखविता येतो. गोठविलेली व ताजी पाकळी हातात देऊन पेशी फुटणे म्हणजे काय, हे समजाविता येते. शाळेतील पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात आदल्या दिवशीचे तेलातील वाटण वापरले जात नाही ना, याची खात्री मुख्याध्यापकांनी करून घ्यावी.

पंचायत सदस्यांना आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांच्या साहाय्याने ग्रामसभेत किंवा महिलासभेत ही माहिती देता येईल. काढणीच्या दिवसांत गावातील एखादी हवेशीर, छप्पर असलेली जागा लसूण सुकविण्यासाठी खुली करून दिल्यास अवकाळी पावसात सापडणारा लहान शेतकऱ्यांचा माल वाचू शकतो.

महिला बचत गटांनी विक्रीसाठी कोणता पदार्थ निवडावा, हा प्रश्नही याच विचाराने सुटतो. गोठविलेला लसूण गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचेपर्यंत सतत थंड ठेवावा लागतो. खेड्यातील गटास ते परवडणारे नाही. तेलातील वाटण विकणे तर धोक्याचेच. वाळविलेले काप, भुकटी आणि सुकी चटणी हे पदार्थ गटांसाठी योग्य होत. त्यासाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी करणे व वेष्टनावर उत्पादनाची तारीख छापणे आवश्यक आहे. केंद्र शासनाने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी सुरू केलेल्या योजनेत बचत गटांच्या सदस्यांना बीजभांडवल देण्याची तरतूद करण्यात आली होती. अशा साहाय्याची सद्यःस्थिती तालुका कृषी कार्यालयातून जाणून घेता येईल.

लसूण टिकविण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. उन्हाळ्यात हवा, पावसाळ्यात बर्फ आणि बर्फ नसेल तेथे ऊन, एवढा विवेक त्यास पुरेसा आहे. त्याच्या जोडीला एक दक्षता मात्र कधीही विसरता कामा नये : लसणात आम्ल रस उणा आहे, म्हणून तो तेलाखाली झाकून उबेत ठेवू नये. ही एक गोष्ट घराघरांत पोहोचली तर हंगामातील लसूण वर्षभर पुरेल आणि त्यापासून कोणाच्या जीवितास धोकाही पोहोचणार नाही.